तेवीस नंबरची पिन

…आणि तो दोरा निळा होता. काळा नव्हे, राखाडी नव्हे – धुऊन धुऊन विटलेला, पण निळाच. तेवीस नंबरच्या पिनेवरचा चांदीचा मुलामा जिथे संपतो आणि भोवतीची पितळी नळी सुरू होते, तिथल्या फटीत तो अडकला होता, एक टोक वर काढून. सूक्ष्मदर्शकातून सुतळीएवढा जाड दिसत होता; नुसत्या डोळ्यांनी पाहिला असता तर दिसला असता की नाही कोण जाणे. तिने श्वास रोखून धरला. साधी फुंकर लागली असती तरी तो उडून गेला असता.

आधी तिला वाटलं, चष्म्यावरचा डाग. गेले काही महिने तिला जिथे तिथे डाग दिसत होते – ड्रॉइंगवर, आरशात, नवऱ्याच्या शर्टावर, एकदा तर चक्क आकाशात – आणि वय झालं, आता हे असंच चालायचं, असं म्हणत ती मागच्या पंधरवड्यात चष्मेवाल्याकडे जाऊनही आली होती. त्याने नाना अक्षरं वाचायला लावली, नाना काचा लावून बघितल्या आणि शेवटी तिचाच चष्मा उजेडाकडे धरून म्हणाला, "ताई, नंबर तोच आहे. काच पुसत जा." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. नाकावर माशी बसू न देणारी ही बाई त्या दिवशी घरी पोचेपर्यंत धुमसत होती – चोपन्न वर्षांच्या माणसाला चष्मा पुसायला शिकवतोस? वीस वर्षं वापरतेय, कधी डाग म्हणून… पण ते जाऊ दे. आता तिने चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या टोकाने पुसला, डाग आणखी पसरला, डोळा पुन्हा भिंगाला लावला. दोरा होताच.

कारखान्यात तिला पाठीमागे 'पिनबाई' म्हणत, ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दोन डबे जोडले जातात तेव्हा लोकांना दिसतो तो मोठा लोखंडी आकडा. ओझं तो ओढतो, नाव त्याचं होतं. त्याच्याखाली बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. डबे एकमेकांना टेकले की दोन्हीकडच्या पेट्यांची झाकणं आपोआप वर होतात आणि अठ्ठेचाळीस पिना समोरच्या अठ्ठेचाळीस चकत्यांवर दाबून बसतात – दिवे, पंखे, चालकाचा आवाज, ब्रेक, दारं, सगळं इकडचं तिकडे जातं ते त्यांच्यातून. ज्या पिनांमधून भरपूर वीज जाते त्यांची काळजी नसते. मळ धरला तरी वीजच तो जाळून वाट काढते. घोर असतो तो तेवीस नंबरसारखीचा. तिच्यातून जाते ती इवलीशी वीज, एवढंच सांगायला की मागची सगळी दारं बंद आहेत. एवढ्याशा विजेला डोळ्यांना न दिसणारा पापुद्रासुद्धा भिंतीसारखा. मग निरोप पोचत नाही, आणि निरोप पोचला नाही की गाडी शहाण्यासारखी जागची हलत नाही. तिच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशीच एक गाडी दोन स्टेशनांच्या मधे भर उन्हात सव्वातीन तास उभी राहिली होती… ती तपासणीला गेली तेव्हा गाडी यार्डात आलेली, रिकामी. पण खिडक्यांच्या काचांवर आतून टेकलेल्या तळव्यांचे ठसे तसेच होते, त्यांतला एक अगदी लहान. दोष निघाला तो एका पिनेवरच्या मळाचा.

तो लहान तळवा तिने कुणाला सांगितला नाही. पण पुढे एकेक करत अकरा वर्षं तिने एकाच गोष्टीपायी घालवली – पिन किंचित तिरकी बसवायची, म्हणजे दाबली जाताना तिचं टोक समोरच्या चकतीवर पाऊण मिलिमीटर घसरेल, आणि घसरता घसरता स्वतःचा मळ स्वतःच खरवडून काढेल. आपलं आपण पुसून घेणारी पिन. कुणी हात लावायची गरज नाही, कुणाच्या उपकाराची गरज नाही. आणि पिन चालली होती! चौदा महिने, तीन गाड्या, सकाळी जोडायच्या, दुपारी सोडायच्या, संध्याकाळी पुन्हा जोडायच्या, आणि एकदाही, अगदी एकदाही, निरोप चुकला नव्हता. आज तीन वाजता मीटिंग होती. तिची सही झाली की चारशे डब्यांना ही पेटी लागणार होती. अहवालाला जोडायला फोटो तेवढे राहिले होते, म्हणून काल यार्डातून पिना काढून आणल्या, आणि आज सकाळी सव्वादहा वाजता हा दोरा.

कुठून आला? जिथे पिना जोडतात त्या खोलीत पांढरं कापड वापरतात, तेही दोरे न सुटणारं. तिच्या हाताखालच्या चौघांत निळं कुणी घालत नाही. निळे शर्ट असतात यार्डात… तिने भिंगाखालची, पिना ठेवलेली तबकडी हळूच फिरवली, बावीस नंबर पाहिला, चोवीस पाहिला, मग पहिल्यापासून एकेक. पिन घसरून मळ खरवडते तेव्हा एक सरळ रेघ उठायला हवी. रेघ होती. पण तिच्यावरून, तिला जवळजवळ पुसून टाकत, गोल गोल बारीक ओरखडे गेले होते – भांड्याच्या तळाला घासल्यावर उठतात तसे. कुणीतरी पिना पुसत होतं. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. चाचणीच्या पेटीवर तिने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, 'चाचणी चालू आहे, हात लावू नये', आणि तरी कुणीतरी, कोण जाणे किती दिवस… जर रोज कुणी पुसतच होतं, तर माझ्या पिनेने स्वतःला पुसलं की नाही हे कुणाला माहीत आहे? चौदा महिने नेमकं कोण चाललं – पिन, की ते फडकं?

तिचे ओठ गोल झाले. ती नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगणार होती की तो श्वास होता, पण तो श्वास नव्हता, फुंकर होती, ओठांपर्यंत आलेली. कुणाला कळणार होतं? दोरा उडाला असता, फोटो दुरून काढले असते, गोल ओरखडे 'वापरामुळे' या एका शब्दात बसले असते. आणि बोललं तर? चाचणी पहिल्यापासून. म्हणजे आणखी दोन हिवाळे, आणि तोवर दुसऱ्या कंपनीची पेटी दारात उभीच आहे, ती काय थांबते! पण तिरकी पिन खरंच चालत नसली, तर चारशे डब्यांत, एखाद्या भर दुपारी… काचेवरचा तळवा. तिने ओठ मिटले, तबकडीवर झाकण ठेवलं आणि कोट चढवला. आधी विचारून तर येऊ, मग बघू.

कारखान्यामागच्या लोखंडी पुलावरून यार्ड दहा मिनिटांवर. चालताना तिच्या डोक्यात एक वाक्य घोळत होतं आणि ते पिनेचं नव्हतं. गेले चार महिने हे असंच चाललं होतं. कुठेही, कशाच्याही मधे, वन्सं दारात उभ्या राहायच्या, हातात पिशवी. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, लग्न न केलेली, टपालखात्यात पत्रं निवडण्याच्या कामाला लागलेली आणि तिथूनच निवृत्त झालेली. वीस वर्षं ह्या दोघांच्याच घरात राहिल्या. आणि एकसष्टाव्या वर्षी एके दिवशी चहा पिताना म्हणाल्या, "मी एक खोली बघितलीये. गावाच्या त्या टोकाला. खिडकीतून झाड दिसतं." भांडण नव्हतं, कुरबूर नव्हती. आता थोडं माझं माझं राहून बघते, एवढंच. आणि निघायच्या दिवशी दारात थांबून वन्संनी विचारलं, "आता तुझं तुला जमेल ना गं?" तिला तो प्रश्न बोचला होता. म्हणजे काय, मी काय कुकुलं बाळ आहे? आणि ती म्हणाली होती, हसतच म्हणाली होती, "न जमायला काय झालं, वन्सं? आत्तापर्यंत जमलंच की."

त्यावर वन्संनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. त्यानंतर चार महिन्यांत तीन फोन, तेही 'कशी आहेस, बरी आहे, तुम्ही' असे. दोन्हीकडून काही बिनसलेलं नव्हतं. नुसतं… जाऊ दे.

आणि त्याच चार महिन्यांत घराला कुणाची दृष्ट लागल्यासारखं झालं होतं. ती तीनदा किल्ली विसरली. एकदा दोन वेगवेगळे बूट घालून कारखान्यात आली आणि दुपारी शिपायाने सांगेपर्यंत कळलं नाही. दूध उतू जायला लागलं, छत्री हरवली, विजेचं बिल राहिलं. वीस वर्षं आपण असे नव्हतो, आपल्यासारखं टापटीप माणूस नव्हतं, सगळे म्हणायचे, बाई घड्याळासारखी आहे! वय, दुसरं काय. पुलाच्या पायऱ्या उतरताना तिने चष्म्यातून खाली पाहिलं आणि पायरी कुठे संपते ते तिला क्षणभर दिसलंच नाही.

यार्डात जोडणीचं काम बघणारे फिटर होते, त्यांना सगळे काका म्हणत. चाळीस वर्षं रुळांत काढलेली, पुढच्या वसंतात निवृत्त व्हायचे होते. ते शेडच्या पायरीवर बसून डबा उघडत होते. तिला बघून लगबगीने उठले, डब्याचं झाकण लावलं. तिने ठरवून आडून विचारलं, आणि विचारताना स्वतःचीच लाज वाटली.

"काका, पेट्या इतक्या स्वच्छ कशा हो ठेवल्यात?"

काकांचा चेहरा उजळला. कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून चौदा महिने थांबलेल्या माणसाचा असावा तसा. "मग! रोज पुसतो की."

"रोज?"

"सकाळी जोडायच्या आधी. एकेक पिन. तिन्ही गाड्या. सुरुवातीला तास जायचा, आता वीस मिनिटांत उरकतो. हजेरीच्या सहीची वेळ व्हायच्या आधीच येतो, कुणाचा खोळंबा नको."

"अहो, पण पाटी होती ना. हात लावू नये म्हणून."

"हात कुठे लावला, मॅडम?" काका खरोखरच दुखावले. "फडकं लावलं. पाटी ह्या पोरांसाठी, हे चहाचे हात लावतात." त्यांनी खिशातून घडी काढली – निळा चौकोन, कडा हाताने दुमडून शिवलेल्या. "जुन्या शर्टाची. आमची ही कापून देते, दर आठवड्याला धुऊन देते. म्हणते, त्या पेट्यांशीच लग्न लावायचं होतंत."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"येऊन जायचो. लांब थोडाच राहतो!"

तिला खाली बसावंसं वाटलं, आणि ती बसली, तिथेच, पायरीवर. तिने फक्त विचारलं, "का पण, काका?"

काका शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून. "झाकणाची बिजागरी," ते म्हणाले. तिला आठवायला वेळ लागला. नऊ वर्षांपूर्वी, पेटीच्या पहिल्या नमुन्याच्या वेळी, ती असंच काहीतरी बघायला आली होती आणि उगाच, बोलायला काहीतरी हवं म्हणून, विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? आणि काका म्हणाले होते, बिजागरी वर नको, खाली घ्या, वर धूळ साठते. तिने खाली घेतली होती. त्याच आठवड्यात, कारण म्हणणं बरोबर होतं. त्यात विशेष ते काय? "एकतीस वर्षं झाली होती तेव्हा नोकरीला," काका म्हणाले. "माझं ऐकून कुणी काही बदललं, असं त्या आधी झालं नव्हतं. नंतरही नाही झालं. ती पेटी आली ना खाली बिजागरी घेऊन, मी घरी नेऊन दाखवली असती, न्यायला दिली असती तर. मग म्हटलं, ह्या बाईच्या पिना आपल्या हातात आहेत तोवर काळ्या पडायच्या नाहीत. बस."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते हे! तिला हसू आलं. तिने सांगितलं. सावकाश, काही न लपवता, पिन कशी तिरकी आहे, कशी घसरते, ती आपली आपण पुसली जाते का हेच बघायचं होतं. काका ऐकत राहिले. चाळीस वर्षं रुळांत गेलेला माणूस, त्याला दोनदा सांगावं लागत नाही. डब्याच्या झाकणावर त्यांचं बोट फिरत होतं, गोल गोल, मग थांबलं.

"म्हणजे परीक्षेला पोरगं बसलं," ते म्हणाले, "आणि पेपर मी लिहिला."

"तसंच."

"चौदा महिने."

"हो."

समोरच्या रुळावर एक डबा मागे मागे येत दुसऱ्याला टेकला, झाकणं वर गेली, खट्ट असा तो ओळखीचा आवाज झाला आणि डब्यातले दिवे एका ओळीने लागत गेले. एरवी तो आवाज ऐकला की तिचा जीव भांड्यात पडायचा. आता नुसताच ऐकू आला.

"मी गेल्या हिवाळ्यात आजारी होतो," काका एकदम म्हणाले. "अकरा दिवस. उठवत नव्हतं. ते अकरा दिवस कुणी पुसलं नाही. तेव्हा काही बंद पडलं होतं का?"

नव्हतं. तिला तारखा पाठ होत्या; त्या अकरा दिवसांतही निरोप चुकला नव्हता. तिला क्षणभर आशा वाटली – आणि लगेच तिने ती आवरली, कारण अकरा दिवसांनी काही सिद्ध होत नाही, पापुद्रा धरायला आठवडे लागतात. "परत आल्यावर पहिल्यांदा पुसलंत तेव्हा… फडक्यावर काळं आलं होतं?"

काकांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं. मग मान हलवली. "खोटं कशाला बोलू? नाही आठवत. पुसताना माणूस पिनेकडे बघतो, फडक्याकडे कोण बघतं?"

खरं आहे. फडक्याकडे कोण बघतं! ती काहीतरी म्हणायला वळली, पण डोळ्यांत पाणी होतं, त्यात चष्म्यावर डाग, आणि काकांचा चेहरा तिला धड दिसेना. काकांनी हात पुढे केला, सहज, भावाने करावा तसा. "चष्मा द्या इकडे. कसला मळलाय! तरी म्हणतो मॅडम पायऱ्या चाचपडत का उतरल्या."

तिने दिला. काकांनी काचेवर वाफ सोडली, निळा चौकोन गोल गोल फिरवला, दोन्ही बाजूंनी, मग कडा, मग नाकावर टेकतात ते दोन ठोकळे. चष्मा उंच करून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला…

…आणि उजेडाकडे चष्मा धरलेल्या वन्सं. बेसिनपाशी, सकाळी, खांद्यावर टॉवेल, टॉवेलचं टोक काचेवर गोल गोल. अशा किती सकाळी? मी तोंड धुताना चष्मा बेसिनच्या काठावर ठेवायची आणि डोळे मिटलेले, तोंडावर साबण, हात पुढे केला की चष्मा हातात यायचा… एकदा डोळे अर्धवट उघडून मीच वसकले होते, "वन्सं, माझा चष्मा घेऊन कुठे चाललात?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "कुठे नाही गं, इथेच आहे." इथेच होत्या. वीस वर्षं. किल्ली खुंटीवर असायची कारण कुणीतरी ती खुंटीवर लावायचं. बूट जोडीने असायचे कारण कुणीतरी जोड लावायचं. आणि मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढत लोकांना सांगत सुटले होते की मी घड्याळासारखी आहे. वन्संनी बदल्यात कधी काही मागितलं नाही, केलेलं कधी दाखवलं नाही. मला ते दिसावं अशी अपेक्षाही केली नाही, कारण दिसलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, माझं मी करते म्हणाले असते, माझा स्वभावच तसा. मग दारात तो प्रश्न – आता तुझं तुला जमेल ना गं – तो टोमणा नव्हता. वीस वर्षं पुसत आलेल्या माणसाची ती साधी काळजी होती, आणि त्या माणसाच्या तोंडावर मी काय फेकलं? आत्तापर्यंत जमलंच की.

"घ्या," काका म्हणाले. तिने चष्मा लावला. रूळ, खडी, खडीतला एकेक दगड, दूरच्या डब्यावरचा नंबर, काकांच्या शर्टाच्या खिशावरचं रफू – सगळं इतकं स्वच्छ दिसलं की ती दचकलीच. लाज वाटायला हवी होती, आणि वाटत होती, पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, कोमट आणि भरून आलेलं. त्याला नाव शोधायची तिला गरज पडली नाही. मला कुणीतरी इतकं जपलं. एकाने नव्हे, दोघांनी. आणि मला पत्ता नव्हता! माणसाच्या नकळत त्याला इतकं मिळतं, तर त्याने आणखी काय मागावं? तिला त्या पायरीवर, त्या तेलकट वासात, इतकं कृतज्ञ वाटलं की काकांचे हात धरावेत असं मनात आलं. धरले नाहीत. ती त्यातली नव्हती.

"मॅडम," काका म्हणाले, "लिहावं तर लागेल ना हे?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही.

"नाव लिहा माझं. 'कुणीतरी' असं नको. मी पुसलं तर मी पुसलं. नाहीतर ह्या पोरांवर जाईल." मग थोडं थांबून, "काय करतील? चार महिन्यांसाठी काढून थोडेच टाकणार? आणि टाकलं तर…"

तिने डायरी उघडली, पेन काढलं आणि थांबली. नऊ वर्षं ओळख. तिला काकांचं नाव माहीत नव्हतं. बिजागरीच्या अहवालात तिने लिहिलं होतं, 'एका अनुभवी कर्मचाऱ्याच्या सूचनेनुसार'. चांगलं केलं तेव्हा एक अनुभवी कर्मचारी, आणि आता चुकलं तेव्हा नाव हवं… "काका, तुमचं पूर्ण नाव?" काकांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं सरळ बसून. तिने लिहिलं, आणि त्याखाली आधी बिजागरी लिहिली, मग फडकं. त्याच क्रमाने.

"उद्यापासून पुसू नका," ती म्हणाली.

"मग मी काय करू?"

तो प्रश्न इतका उघडा होता की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. साठीच्या माणसाने हातातली घडी दोन्ही तळव्यांत धरलेली, आणि आपण त्याचं सकाळचं काम काढून घेतलेलं. "बघा," ती म्हणाली. "रोज झाकण उघडून बघा आणि लिहा. कुठे काळं धरतंय, कुठे नाही. मी वही पाठवते."

"नुसतं बघायचं? मळ दिसला तरी?"

"दिसला तरी."

"हे पुसण्यापेक्षा अवघड आहे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

निघताना त्यांनी तो निळा चौकोन तिच्या हातात ठेवला. आता मला कशाला, तुमच्या चष्म्याला होईल.

पुलावर ती दोनदा थांबली. एकदा फोन काढला, वन्संचं नाव समोर आणलं आणि परत ठेवला. काय बोलणार, आणि किती इवलासा आवाज आहे माझ्याकडे, इतक्या दिवसांचा पापुद्रा, पोचेल का तो पलीकडे… दुसऱ्यांदा थांबली ती फक्त बघायला. खाली रूळ लांबवर गेले होते, एकेक स्लीपर मोजता येत होता. चारशे डबे कदाचित दुसऱ्या कुणाच्या पेट्या घेऊन जातील. काकांना वसंतापर्यंत काय काय ऐकून घ्यावं लागेल, कोण जाणे. आणि तिरकी पिन – ती तर अजून कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. अकरा वर्षं आणि अकरा दिवस, एवढंच हातात. तिने मनाला चाचपून पाहिलं, भीती कुठे आहे ते. होती. पण सकाळी ती भीती एकटीच होती, आता तिच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं.

प्रयोगशाळेत येऊन तिने झाकण उचललं. दोरा होता, तसाच, एक टोक वर काढून. तिने चिमट्याने तो उचलला नाही, फुंकरलाही नाही. तसाच जवळून फोटो काढला आणि अहवालात पहिला लावला.

तीनला पाच कमी असताना ती मीटिंगच्या खोलीशी आली. दार अर्धं उघडं होतं. आत लांब टेबल, चौघं-पाचजण, पाण्याचे ग्लास, सहीच्या जागी खूण लावलेला कागद. साहेब – वयाने तिच्याहून लहान, एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेले – खुर्चीतून अर्धे उठले, हसले, आणि रोज विचारतात तसं विचारलं, "या मॅडम! जमलं ना सगळं?"

वीस वर्षं ह्या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते विचार न करता तोंडात यायचं. ती वाट बघत उभी राहिली. ते आलं नाही. त्याच्या जागी काही नव्हतं, नुसती मोकळी, पुसून ठेवलेली जागा, आणि तिथे दारात, पिशवी या हातातून त्या हातात घेत, वन्सं तिच्याकडे बघत होत्या, उत्तराची घाई नसल्यासारख्या. नाही हो वन्सं, तिच्या मनात आलं, माझं मला कधीच जमलं नव्हतं. आणि हे कबूल करताना तिला इतकं हलकं वाटलं की खिशातल्या निळ्या घडीवर मूठ आवळून ती तिथेच, उंबरठ्यावर, हसायला लागली, आणि आतले सगळे तिच्याकडे बघत राहिले.